एकशे सतरा नंबरचा वाल

(अमरावती. एप्रिलमधला रविवार, दुपार. बैठकीच्या खोलीत कूलर चालू आहे आणि टेबलावर लॅपटॉप उघडा आहे.)

जानराव : थांब, थांब. थोडं मांगं घे. रस्ता कुठी गेला?

पायल : काढून टाकला, बाबा. हे बटण दाबलं की रस्ते, घरं, झाडं, वरचं सगळं बाजूला होतं. आता दिसतंय ते जमिनीखालचं.

जानराव : म्हंजे हे समदे आपले पाइप.

पायल : सगळे. टेकडीच्या टाकीपासून पिंजारगल्लीतल्या शेवटच्या नळापर्यंत. निळा म्हणजे दाब चांगला, पिवळा म्हणजे कमी, लाल म्हणजे कोरडा.

जानराव : अन् हे सरकून राहिलं थे?

पायल : पाणी. आत्ताचं, या मिनिटाचं.

जानराव : बाप्पा. पारबता, अथी ये वं. हातातलं काम ठेव अन् ये.

पार्बताबाई : पापडाचं पीठ तिंबून राहिली मी. अन् पोरगी चार दिवसासाठी पुण्याहून आली, तिले जरा आराम करू द्या. काय हाय त्याच्यात एवढं?

जानराव : काय हाय म्हणते. चौतीस साल वालमनची नौकरी केली मी या शहरात. पाइप कवा पाह्यला सांग? फुटला त पाह्यला. खड्ड्यात उतरलो की हातभर तुकडा दिसे, थो भी चिखलात. बाकी समदं अंदाजानं. लोखंडी सळाख जमिनीले टेकवाची, दुसरं टोक कानाले लावाचं अन् आयकाचं, पाणी चाललं का थांबलं. हे शहर मह्या डोक्यात होतं. आज थे कोणी डोक्यातून काढून समोर मांडलं वं.

पार्बताबाई : तुमच्या डोक्यात एवढं होतं? मले वाटे तथी फक्त जेवणाची वेय राह्यते.

पायल : आई, खरंच त्यांच्याच डोक्यातून काढलंय. जुने नकाशे कुणाकडे धड नव्हतेच. दिवाळीत मी आठ दिवस वही घेऊन यांच्यासमोर बसले होते, आठवतं? दोनशे चौदा व्हॉल्व्ह. कुठल्या खड्ड्यात आहे, कुठल्या बाजूला फिरतो, किती आटे. एक कागद न बघता सांगितलं त्यांनी. आमच्या पुण्याच्या लोकांना तर आटा म्हणजे गव्हाचा वाटला. शेवटी खाली लिहावं लागलं की आटा म्हणजे चावीचा एक फेरा.

पार्बताबाई : अन् याले म्हणते काय तू?

पायल : डिजिटल ट्विन. शहराचं जुळं म्हण. खरं शहर बाहेर, त्याचं जुळं इथे. चाळीस जागी पाइपाला सेन्सर लावलेत, ते दर मिनिटाला दाब कळवतात. तिकडे झालं की इकडे दिसतं.

पार्बताबाई : जुयं म्हंजे एकाले ताप आला की दुसऱ्याले येत असन.

पायल : अगदी तेच. फक्त इथे औषध आधी जुळ्याला देऊन बघता येतं. त्याला मानवलं तरच खऱ्याला द्यायचं.

जानराव : म्हंजे मी आता सांगतलं की फलाना वाल बंद कर, त होईन?

पायल : जुळ्यात होईल. तिकडे कुणाला पत्ता लागणार नाही. सांगा.

जानराव : बेचाळीस नंबर. जिनिंगपुऱ्याच्या कोपऱ्यावरला. तीन आटे कस.

पायल : कसले.

जानराव : आता बोलू नको. थांब... पहिले मशिदीमांगची लाइन ढिली पडीन. पडली. मंग पिंजारगल्ली पिवयी. हं. अन् सगयात शेवटी, टोकाचं घर, थे लाल होईन... झालं. पाह्यलं? थे एकच घर. मास्तरीणबाईचं घर हाय थे. बेचाळीस जरा जास्त कसला गेला का दुसऱ्या मिनिटाले तिचा फोन, जानराव, माझ्या नळाला सर्दी झाली. बावीस साल तिनं फोन केला मले. अन् या मशीनले थे भी माहीत हाय.

पायल : मास्तरीणबाई नाही माहीत. दाब माहीत आहे.

जानराव : एकच झालं.

पार्बताबाई : अवो, डोये पुसा. असं काय करता, लॅपटापापुढं बसून.

जानराव : ऊन लागते डोयाले. नवं भिंग हाय.

पार्बताबाई : घरात कायचं ऊन.

पायल : बाबा, हे तर काहीच नाही. आता मी तुम्हाला येणारा मे दाखवते.

जानराव : येणारा म्हंजे?

पायल : अजून आलेला नाही तो. धरणात आज किती पाणी आहे, रोज किती आटतं, कूलरला किती लागतं, सगळं यात घातलंय. हा पंधरा मे. बघा.

जानराव : ...हे त कडेकडेनं लाल होत चाललं.

पायल : टाकीपासून लांबच्या वस्त्या आधी. मग चौथ्या दिवसाचं पाणी सातव्या दिवशी. आता दुसरा मे बघा. यात दोन मोठ्या गळत्या बुजवल्यात आणि पहाटेचा पंप अर्धा तास उशिरा सुरू केलाय. बाकी काही नाही. नवा पाइप नाही, नवी टाकी नाही.

जानराव : परत नियं झालं. कडेपर्यंत.

पायल : धरणापासून इथवर पाणी चढवायला दिवसरात्र पंप चालतात, बाबा. जेवढं पाणी फुकट जमिनीत मुरतं तेवढी वीजही मुरते. त्या दोन गळत्या याच जुळ्यानं दाखवल्या. गेल्या आठवड्यात खोदलं. एक जिनिंगपुऱ्यात, एक आठवडी बाजारामागे. दोन्हीकडे सांगितलेल्या जागेपासून चार फुटांच्या आत पाणी निघालं. दर पाळीला तीन लाख लिटर वाचलं.

जानराव : जमिनीले हात न लावता?

पायल : पुण्यात बसून.

जानराव : मे महिना अजून यायचा हाय अन् मी दोन भी पाहून घेतले. एक कोरडा, एक चांगला. पारबता, असं मह्या बापाले कोणी सांगतलं असतं, त त्यानं त्या माणसाले तेल लावून झोपवलं असतं, म्हणलं असतं याले ऊन लागलं.

पार्बताबाई : मले भी थोडं तसंच वाटून राहिलं. चहा मांडते.

पायल : थांब आई, मांडशील. मला बाबांना एक विचारायचंय. उद्या सकाळी दहाला तिसऱ्या जागी खोदायचंय. जेसीबी सांगितलाय, पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः येणार आहेत. पण ही तिसरी गळती मला झेपत नाहीये.

जानराव : कुठी हाय?

पायल : खदानीकडे. ही बघा, लाल ठिपका. एकशे सतरा नंबरच्या व्हॉल्व्हजवळ.

जानराव : ...थो वाल मेला हाय. सांगतलं होतं ना तुले दिवाळीत.

पायल : सांगितलं होतं. स्पिंडल, म्हणजे फिरवायचा दांडा, गेलाय, पुढे इंग्रजांच्या बंगल्याची जुनी लाइन, कधीच बंद. मी तसंच लिहिलं. पण जुळं ते मानत नाही. मी त्याला म्हणते बंद, ते म्हणतं इथून पाणी जातंय. हजार वेळा चालवलं. दुसऱ्या कुठल्याही जागेनं हिशेब जुळत नाही.

जानराव : मशीनची गलती असन.

पायल : आत्ता तर डोळे पुसत होतात.

पार्बताबाई : बरोबर पकडलं.

पायल : आणि ही गळती कशी आहे बघा. पाइप फुटला की दाब असेपर्यंत वाहतो ना? ही तशी नाही. फक्त चौथ्या दिवशी, पाळीच्या दिवशी, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू होते. सुरुवातीला जोरात. मग हळूहळू दमत जाते. सहा वाजायला पाच मिनिटं असताना बंद. गळती कधी दमते का? आणि गंमत म्हणजे जानेवारीत ती आपोआप बरी झाली होती. आठ तारखेपासून वीसपर्यंत थेंब नाही. एकवीसला पुन्हा सुरू. साहेब म्हणतात, थंडीनं पाइप आवळला असेल.

पार्बताबाई : जानेवारीच्या आठ तारखेले आमी अकोल्याले होतो.

पायल : हो का?

पार्बताबाई : होय ना वं. तुह्या मावशीकडं. याइच्या डोयाचं आपरेशन नाई झालं का? वीस तारखेले संध्याकायी परत आलो. अन् पहा, डॉक्टरनं सांगतलं होतं पंधरा दिवस घराबाहेर पडू नका, धूय लागू देऊ नका. आयकते कोण. दुसऱ्याच दिवशी पहाटे डोयावर पट्टी बांधून फिराले गेले.

पायल : एकवीस तारखेला.

पार्बताबाई : एकवीसच असन. मी तणतण केली लय.

जानराव : पारबता, तू चहा मांडून राहिली होती.

पायल : आई, बाबा रोज जातात फिरायला?

पार्बताबाई : रोज कुठी. चौथ्या दिवशी. मी म्हणलं बी, चौथ्या दिवशी फिराचं कोणत्या डॉक्टरनं सांगतलं? त म्हणते, गुडघ्याले तीन दिवस आराम लागते.

पायल : जाताना काही नेतात बरोबर?

पार्बताबाई : पलंगाखालची सळाख नेते ना, पोत्यात गुंडाळून. कुत्र्यासाठी म्हणे. पहिले म्हणे सापासाठी.

पायल : टोकाला आडवी मूठ आहे तिला, व्हॉल्व्हच्या चावीला असते तशी?

पार्बताबाई : हाय. तुले कसं... अवो. अवो, काय हाय थे?

जानराव : दमत नाई थे, पायल.

पायल : काय?

जानराव : तुह्या मशीनले वाटते पाणी दमते. दमत नाई. ड्रम भरत जातेत. पहिले बासष्ट घरचे नय एकदम चालू राह्यतेत, म्हणून जोर दिसते. मंग लहान ड्रमवाले बंद करतेत, मंग मोठे. शेवटी वरच्या दोन घरचं राह्यते, तथी पाणी हयूहयू चढते. त्याइचं भरलं का मी वाल कसतो. सहाले पाच कमी. बरोबर सांगतलं त्यानं. मिनिटाचा फरक नाई.

पार्बताबाई : म्हंजे तुमी फिराले नाई जात.

जानराव : चालत जातो अन् चालत येतो. फिरणं होतेच.

पायल : बाबा, रिटायर होऊन सहा वर्षं झाली तुम्हाला. हे कधीपासून?

जानराव : अठरा साल झाले. सन दोन हजार सातचा उन्हाया. खदानीकडं ओल दिसते अशी तक्रार आली. सळाख लावून आयकलं. एकशे सतराच्या पॅकिंगमधून झिरपत होतं, बोटाएवढं. म्हणलं कसून टाकू. पहाटे गेलो. पाहतो त काय, वालाच्या खड्ड्यात एक बाई बसली. हातात वाटी. वाटीनं पाणी उपसून राहिली, वरती बायाइची लाइन, तीस चाईस घागरी. कोणी बोलत नाई, कोणी भांडत नाई. एकीची घागर भराले पाऊण घंटा. रात्रपासून बसल्या होत्या. खडी फोडणारे लोक, दिवसा काम. खड्ड्यातली बाई म्हणजे चतुराबाई. मह्या हातात चावी पाह्यली अन् समजली. म्हणे, भाऊ, कसाले आला असन त कस, पण मह्या मांगं अकरा घागरी हायत, तेवढ्या होऊ दे.

पार्बताबाई : माय.

जानराव : मी कसाले गेलो होतो. सैल करून आलो.

पायल : आणि साहेबांना सांगितलं नाहीत?

जानराव : सांगतलं ना. दुसऱ्या सालीच सांगतलं, नय द्या म्हणलं त्याइले. तवाच्या साहेबानं नकाशा काढला. म्हणे दाखव कुठी हायत घरं. नकाशावर खदान होती, घर नोयतं. म्हणे जथी घर नाई तथी नय कसा देऊ? खोटं भी नोयतं बोलत थो. नकाशात खरंच नोयतं. मंग मी विचार केला, जथी घर नाई तथी चोरी भी नाई. जुना पाइप साबूत होता, नय त्याइनं वर्गणी करून लावले. मी नव्या पोराइले सांगून ठेवलं, एकशे सतराले हात लावू नका, स्पिंडल तुटन अन् पगारातून कापतीन. अठरा सालात कोणी हात नाई लावला.

पार्बताबाई : अन् मले सापाचं सांगतलं.

जानराव : तुले भेव वाटलं असतं.

पार्बताबाई : मले राग येऊन राहिला, भेव नाई. अठरा साल मी दर चौथ्या दिवशी पहाटे तुमच्यासाठी दरवाजाची कडी काढली. सांगतलं असतं त मी काय गावभर डवंडी पिटली असती? गुडघ्याले एवढं तेल चोयलं मी, मले सांगाचं त, कायच्यासाठी चोयते थे.

जानराव : चुकलं.

पायल : आणि मला? दोनशे तेरा खरे सांगितलेत आणि एक खोटा. माझ्या कामात. मी पुण्यात सगळ्यांना सांगितलं की माझ्या बाबांच्या डोक्यावर हे मॉडेल उभं आहे. साहेब म्हणाले, नकाशा नसताना म्हाताऱ्याच्या आठवणीवर विश्वास? मी म्हणाले, ठेवा. आणि जुळं त्या एका खोट्यावरच येऊन अडलं.

जानराव : थेच म्हणतो मी. कसं पकडलं त्यानं. चौतीस सालात चार साहेब झाले, इंजिनेर किती आले गेले, कोणाले वास नाई लागला. यानं जमिनीत न उतरता, मले न पाहता सांगतलं, पाच वाजून दहा मिनिटं. भेव वाटलं मले, पायल, तू ठिपका दाखवला तवा. पण खरं सांगू का, बरं भी वाटलं. म्हणलं, कोणीतरी मह्यासारखं आयकणारं निघालं.

पायल : बाबा, उद्या दहाला तिथे जेसीबी येतोय. जुनी लाइन सापडली की तोडतील, तोंड बुजवतील आणि वरून सिमेंट. तिसरी गळती बंद म्हणून टाळ्या वाजतील. माझ्यासाठी.

पार्बताबाई : मंग तू सांग का मशीनची गलती झाली. सेंसर का काय थे बिघडलं म्हण.

पायल : सांगता येतं. एक बटण आहे. ठिपका पुसायचा, सेन्सर सदोष असं लिहायचं. कुणी विचारणार नाही.

पार्बताबाई : मंग पूस ना वं. वाट कोणाची पाह्यते?

जानराव : पुसू नको.

पार्बताबाई : काहून?

जानराव : एक त तिचं काम खोटं होईन. बापानं खोटं केलं तेवढं बस झालं. अन् दुसरं... पारबता, परवाच्या पाण्याच्या पायीले मी खड्ड्यात उतरलो अन् चढता नाई आलं. दहा मिनिटं तथीच बसलो. चतुराबाईनं हात देऊन वर घेतलं. तिचंच वय सत्तर. तवापासून एकच विचार डोक्यात हाय. मी निजलो कायमचा, त चौथ्या दिवशी कोण जाईन? नव्या पोराले सांगतलं त थो पैसे मांगन नाई त घाबरन. जानेवारीत बारा दिवस मी अकोल्यात हिरवी पट्टी बांधून पडलो होतो, तुमी म्हणे आराम करा. मले आराम कसा पडन? पाण्याच्या तीन पाया कोरड्या गेल्या तथी. परत आलो तवा वाटलं, बाया शिव्या देतीन. देयाले पाह्यजे होत्या. चतुराबाई म्हणे, भाऊ, डोया बरा हाय का आता? पाण्याचा शब्द नाई काढला. मी वाल उघडला अन् तथी खड्ड्यात रडलो, डॉक्टरनं रडू नका सांगतलं होतं तरी.

पायल : बाबा.

जानराव : ठिपका पुसला त बासष्ट घरं मह्या गुडघ्याच्या भरोशावर राह्यतीन. मह्या गुडघ्याचा काय भरोसा?

पायल : थांबा. जरा थांबा. मी हा भाग जवळून बघते... वरचं परत लावते. रस्ते, घरं. हे पोहोचलं खदानीपाशी. बघा, इथे काय लिहिलंय.

जानराव : बारीक हाय. वाच.

पायल : दगडांचा ढीग. उपग्रहाच्या फोटोवरून मशीननं घरं ओळखली. सिमेंटच्या गच्च्या ओळखल्या, कौलं ओळखली. ही पत्र्याची छपरं, वर दगड ठेवलेली, खडीच्या धुळीनं पांढरी. त्याला वाटलं ढीग आहे. मी तपासलं होतं हे पान. खाली माझीच सही आहे.

पार्बताबाई : एवढं समदं दिसलं त्याले. येणारा मे दिसला. अन् बासष्ट घरं नाई दिसली.

जानराव : बोलू नको तिले. पाणी त दिसलं त्याले. घर नाई दिसलं, पण त्या घरातली तहान दिसली. म्हणून त ठिपका आला. चार साहेबाइले थे भी नाई दिसलं.

पायल : मी एक करून बघते. ठिपका काढत नाही. गळती हा शब्द काढते आणि तिथे बासष्ट नळ लावते. पंचवीस हजार लिटर, दर पाळीला. आणि मग पंधरा मे चालवते. चांगलावाला.

जानराव : समद्या शहराचं पाणी त्यात कमी पडन का?

पायल : बघू या. चालू झालं.

पार्बताबाई : कुठी लाल होऊन राहिलं?

पायल : थांब, अजून दुपार यायची आहे.

जानराव : मास्तरीणबाईच्या घराकडं पाहून राहिलो मी. कमी पडलं त पहिले तथी दिसन.

पायल : संपला दिवस.

जानराव : परत चालव. मले फरक नाई दिसला.

पायल : फरक नाहीच, बाबा. आहे तसाच निळा आहे. त्या दोन गळत्यांतून वाचलं त्याचा जेमतेम बारावा हिस्सा लागतो यांना. आणि आपण उद्या ते तोडायला निघालो होतो.

जानराव : एवढ्याशा पाण्यासाठी मी अठरा साल अंधारात पोत्यात चावी गुंडाळून गेलो. मले वाटे, मी कोणाच्या तरी घागरीतून काढून देऊन राहिलो. रोज वाटे. पिंजारगल्लीत एखादी बाई नयापाशी बसलेली दिसली का मी मान खाली घालून निंगून जाओ. म्हणो, मह्यामुयं बसली असन. कोणाचंच कमी नाई झालं वं, पारबता. नियंच्या नियं हाय.

पार्बताबाई : पाणी प्या. बसा नीट. अन् चोरी चोरी काय लावलं? तयाचं पाणी प्याले आपल्या लोकाइले महाडले चालत जा लागलं, थे काय चोरी होती?

पायल : उद्या मी साहेबांना जेसीबी थांबवायला सांगते आणि हे दोन्ही मे दाखवते. पण व्हॉल्व्ह जिवंत आहे हे लिहावं लागेल. कुणी उघडला तेही विचारतील.

जानराव : मह्यं नाव लिही. पुरं लिही, बापाच्या नावासगट. चौकशी लावतीन त लावू दे. पेन्शन अडवतीन त तुही माय पापड विकन.

पार्बताबाई : विकीन. चतुराबाईले संग घेऊन विकीन.

जानराव : पण पायल, साहेब म्हणले, मॉडेल चांगलं हाय, पण घरं बेकायदा हायत, तोडा लाइन. मंग?

पायल : म्हणू शकतात. मी खोटा धीर नाही देत तुम्हाला. पण आजपर्यंत तोडायला काही लिहावंच लागत नव्हतं, बाबा. ढीगच होता तिथे. उद्यापासून बासष्ट घरं असतील, नावानिशी. पाणी तोडायचं तर त्या नावांसमोर तोडा असं लिहून कुणाला तरी खाली सही करावी लागेल. साहेब वाईट माणूस नाही. मला नाही वाटत त्यांचा हात चालेल.

जानराव : नावानिशी म्हणते. नावं कोठून आणशीन उद्या दहापर्यंत?

पायल : तुम्ही सांगा ना. दोनशे चौदा व्हॉल्व्ह सांगितलेत. बासष्ट घरं नाही सांगणार?

जानराव : सांगतो की. डोये मिटून सांगतो. खालून सुरू करू का वरून?

पायल : पाणी जसं जातं तसं.

जानराव : मंग खालून. वालापासून पहिलं घर चतुराबाईचं. लाव तथी. थोडं डाव्या हातानं, लिंबाच्या बाजूले. हं, तथीच.

पायल : लागलं. आता हे घर आहे, ढीग नाही.

पार्बताबाई : कुठी? मले पाहू द्या. इवलंसं हाय.

जानराव : इवलंसंच हाय. दुसरं खुशालरावचं, त्याचा ड्रम निया हाय, दोनशेचा. तिसरं...

पायल : हळू, बाबा. घर लावलं की मशीन विचारतं, माणसं किती. त्यावर ते मे महिन्याचं पाणी ठरवतं. चतुराबाईकडे किती?

जानराव : सात.

पायल : सात. आता खुशालराव.

जानराव : थांब, पायल. तू मे महिन्याचं लिहून राहिली ना?

पायल : हो, पंधरा मे.

जानराव : मंग आठ लिही. तिच्या सुनेचे दिवस भरत आले हायत.